सोसायटीच्या भिंतीवर वारली काढून घ्यायची आहे. कुणाकडून आणि कितीला?

सुलभा_ठाणे | ३ नोव्हेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंट होऊन परत राहायला आलो त्याला वर्ष होईल. खाली लॉबीत लिफ्टसमोर एक भिंत आहे, २२ फूट बाय ९ फूट, नुसती पांढरी. (पांढरी कसली, पोरांच्या सायकलींनी खालची दोन फूट केव्हाच करडी झालीय.) तिथे वारली चित्र हवं असं सभेत ठरलं. आमच्याकडे एखादी गोष्ट एकमताने ठरणं हीच मुळात बातमी. पण ते काढायचं कसं, यावर लगेच तट पडले. सेक्रेटरी म्हणतात इंटिरियरवाल्याकडून व्हिनाइल प्रिंट चिकटवू, ६० रुपये चौरस फूट, एका दुपारचं काम. दुसऱ्या मजल्यावरच्या एक ताई छंदवर्ग चालवतात, त्या म्हणतात मी आणि माझ्या मुली फुकट काढून देतो. आणि माझं म्हणणं असं की डहाणू इथून शंभरेक किलोमीटरवर आहे, तर ज्यांची ही कला आहे त्यांनाच का बोलवू नये?

यावर खजिनदारांचा प्रश्न: "ते किती घेतात आणि आपण किती द्यायला हवेत?" मला उत्तर देता आलं नाही. कुणी असं काम करून घेतलंय का? भाव काय? कुणाला भेटायचं? आणि फसवलं जाऊ नये यासाठी काय बघायचं?

वाघळे_इस्टेट | ३ नोव्हेंबर, रात्री ९:३०

१९८ चौरस फूट गुणिले ६० म्हणजे ११,८८० रुपये. सेक्रेटरींचं तुमच्या घरी येणंजाणं असेल तर पुढचं लिहीत नाही.

चिकूवाडी | ३ नोव्हेंबर, रात्री १०:०५

मी डहाणूचाच. गंजाडच्या बाजूला पाड्या-पाड्यांवर चित्र काढणारी घरं आहेत. एक दिवस सकाळची डहाणू लोकल पकडा, स्टेशनवरून रिक्षा करा आणि जाऊन बसा. फोनवर भाव ठरवू नका. भिंतीचं काम साधारण चौरस फुटावर ठरतं, पण चित्र किती भरगच्च हवं त्यावर दुपटीचा फरक पडतो. विरळ चार झाडं-चार माणसं वेगळी आणि अख्खं गाव वेगळं.

एक सांगतो, आत्ता जाऊ नका. भातकापणी चालू आहे. आत्ता "या" म्हटलंत तर हो म्हणतील आणि येणार नाहीत.

शिवण_टिपण | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४१

धाग्याचा सूर जरा खटकला. मी गेली अकरा वर्षं वारली शिकवते. ती "फुकट काढणारी दुसऱ्या मजल्यावरची ताई" मी असते तर मला वाईट वाटलं असतं. कला ही काय जातीची मालमत्ता आहे का? मग भरतनाट्यम फक्त तंजावरच्यांनी करायचं?

निर्विकार | ३ नोव्हेंबर, रात्री ११:१५

+१. शिवाय हे "कलाकाराला आधार" प्रकरण मला नेहमीच उपकाराच्या अंगाने जाणारं वाटतं. बाजारात वस्तू चांगली असेल तर विकली जाईल, नसेल तर नाही. लोहाराच्या विळीच्या जागी मिक्सर आला तेव्हा कुणी धागे काढले नाहीत.

खडूस_काका | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२०

विळीच्या जागी मिक्सर? नारळ मिक्सरमध्ये खवता का तुम्ही?

कारवीचा_कूड | ४ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मी वारली. म्हणजे चित्र नाही, माणूस. जव्हार तालुक्यात शाळेत शिकवतो. हल्ली हे आधी सांगावं लागतं, कारण मोबाइलवर "वारली" शोधलं की आधी कुर्ते दिसतात, मग चहाचे मग, आणि मग कुठेतरी आम्ही.

शिवण_टिपण ताई, तुम्ही काढा, शिकवा, आमची काही हरकत नाही. आमच्याकडे कुणी कुणाला काढू नको म्हणत नाही. पण एक विचारतो. अकरा वर्षांत तुमच्या वर्गात एकदा तरी एखाद्या वारली बाईला बोलावून, तिला तुमच्या फीमधले पैसे देऊन शिकवायला लावलंत का? टोमणा नाही, खरंच विचारतोय. आमच्या पाड्यावर शहरातून शिकायला लोक येतात, फोटो काढतात, चहा पितात, आणि महिन्याभरात त्यांचाच वर्ग सुरू झाल्याचं कळतं.

आता मूळ गोष्ट. हे "चित्र" म्हणून कधी नव्हतंच. लग्नात घरातल्या आतल्या भिंतीवर सवासिनी चौक, म्हणजे चौकोनी चित्र, काढतात. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमाती, वर गेरू, आणि तांदळाचं पीठ पाण्यात कालवून त्याने पांढरी रेघ. चौकात पालघट देवी. शेजारी लहान देवचौक, त्यात घोड्यावरचा पंचशिऱ्या. लग्न लावणारी धवलेरी गाते तेव्हा त्या चौकाला अर्थ येतो. लग्न उरकलं की भिंत पुन्हा सारवायची. जपून ठेवायची वस्तूच नव्हती ती. म्हणून "पारंपरिक कला जतन करा" असं कुणी म्हटलं की मला जरा हसू येतं. भिंत जतन करून काय करणार? चौक काढणाऱ्या बायका, गाणारी धवलेरी आणि लग्न तसं लावणारी माणसं टिकली तर चौक टिकेल.

सुलभाताई, एकच विनंती. लॉबीत पालघट काढायला सांगू नका. लिफ्टची वाट बघायची जागा ती. बाकी शेती, तारपा (आमचं फुंकायचं वाद्य), झाडं, जत्रा, काय हवं ते काढतील.

सुलभा_ठाणे | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

सर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर इंटिरियरवाल्याच्या नमुन्यात मधोमध चौकच आहे. त्यात आमच्या सोसायटीचं बोधचिन्ह बसवलंय.

वाघळे_इस्टेट | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:१४

देवीच्या जागी सोसायटीचं बोधचिन्ह. मेन्टेनन्स थकवणाऱ्यांवर कोप होणार बहुतेक.

रेषाकार | ४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

जाहिरातीच्या धंद्यातला माणूस आहे, एक कबुली देऊन टाकतो. "जरा एथनिक करा" असा निरोप क्लायंटकडून आला की आम्ही काय करतो? तयार चित्रांचे संच विकणाऱ्या साइटवरून "वारली" नावाचा गठ्ठा उतरवतो. शंभर-दोनशे माणसं, बैल, झोपड्या. एक उचलायचा, उलटा करायचा, पुन्हा चिकटवायचा. त्यामुळे अशा डिझाइनमध्ये सगळी माणसं एकाच मापाची, एकाच कोनात वाकलेली असतात. निर्विकार, बाजाराचा युक्तिवाद मान्य, पण त्या ६० रुपयांत रेघ काढणाऱ्याच्या वाट्याला शून्य आलेलं असतं. चोरीचा माल नेहमीच स्वस्त पडतो.

हाताने काढलेली वारली ओळखायची एक खूण: माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. खऱ्या चित्रात कमरेचा तो बिंदू प्रत्येकाचा वेगळा झुकतो. कुणी ओझं घेऊन आहे, कुणी प्यायलेला आहे, कुणी पोराला हाक मारतेय. तोंड नाही, डोळे नाहीत, तरी कळतं.

निर्विकार | ४ नोव्हेंबर, दुपारी २:०२

चोरी म्हणायला कायदा लागतो. पिढ्यानपिढ्या चालत आलेली शैली कुणाच्या मालकीची नसते.

ॲड_मृदुला | ४ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

कायद्यावर आलातच म्हणून.

शैलीवर कॉपीराइट नाही हे बरोबर. पण एखाद्या कलाकाराने काढलेल्या विशिष्ट चित्रावर आहे, तो जिवंत असेपर्यंत आणि पुढे ६० वर्षं. त्याच्या चित्राचा फोटो काढून उशीवर छापलात तर ते उल्लंघनच. अडचण एवढीच की पाड्यावरच्या माणसाला ती उशी दिसणार कधी आणि तो वकील करणार कसा.

दुसरं, वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय मिळाला. लोकांचा मोठा गैरसमज आहे की आता घरी काढलं तरी गुन्हा. तसं नाही. जीआय नावाचं रक्षण करतो. खोटं नाव लावून धंद्यात माल विकणं हा १९९९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. कागदावर कडक आहे.

आणि एक कलम जे वकिलांनाही फारसं आठवत नाही: कॉपीराइट कायद्याचं ५३-अ. मूळ चित्र १० हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर त्या किमतीत चित्रकाराचा वाटा असतो, कमाल १० टक्के. मी उभ्या वकिलीत कुणाला तो मागताना पाहिलं नाही.

कारवीचा_कूड | ४ नोव्हेंबर, रात्री ८:२०

मॅडम, कागदावरचं तुम्ही नीट सांगितलंत. पाड्यावरचं मी सांगतो. जीआयचा "अधिकृत वापरकर्ता" व्हायला अर्ज, पुरावे, सह्या लागतात. ज्याच्याकडे जातीचा दाखला काढायला तीन खेपा होतात, तो चेन्नईच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करणार? काही संस्था मदत करतात, त्यामुळे नोंदण्या झाल्यात. पण गिऱ्हाईक कधी विचारतच नाही. आजवर एकाही गिऱ्हाइकाने "जीआयची नोंदणी आहे का" विचारलं नाही. "अजून कमी होईल का" हे सगळ्यांनी विचारलं.

मेलबर्नकर | ५ नोव्हेंबर, पहाटे ४:३०

इथे ऑस्ट्रेलियात अगदी हाच वाद आहे म्हणून लिहितो. मूलनिवासींच्या ठिपक्यांच्या चित्रांची नक्कल केलेले बूमरँग विमानतळापासून बाजारापर्यंत सगळीकडे. २०१९ मध्ये फेडरल कोर्टाने एका कंपनीला २३ लाख डॉलर दंड केला, कारण माल इंडोनेशियात बनवलेला आणि भासवलेला मूलनिवासींनी हाताने रंगवल्यासारखा. मौज म्हणजे शिक्षा नकलेची नव्हती, गिऱ्हाइकाची दिशाभूल केल्याची होती! नक्कल थांबवणारा स्वतंत्र कायदा नसल्याने ग्राहक कायद्याचा आधार घ्यावा लागला.

मृदुलाताईंनी लिहिलेला पुनर्विक्रीचा वाटा इथे मात्र खरोखर चालतो. २०१० पासून हजार डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीला चित्र पुन्हा विकलं की ५ टक्के कलाकाराला. वसूल करायला एक संस्थाच नेमलीय. कलाकाराला कोर्टात जावं लागत नाही, फरक तिथे पडतो.

मी स्वतः काही वर्षांपूर्वी ॲलिस स्प्रिंग्जला एक लहान चित्र घेतलं, तेव्हा सोबत कागद मिळाला. त्यावर काढणाऱ्या बाईंचं नाव, त्यांचा समूह, चित्रातली गोष्ट. चित्रापेक्षा आईला तो कागदच जास्त आवडला. फ्रेम करून लावलाय.

बांबूबन | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:००

तुम्ही सगळे चित्रांवरच अडकलात. रंग आणि कागद कुठेही मिळतो. ज्यांचा कच्चा मालच जंगलात आहे त्यांचं काय? मी चंद्रपूरचा.

बांबू हे शास्त्राने गवत, पण १९२७ च्या वन कायद्यात झाड. त्यामुळे तोडायला, न्यायला परवाना. २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, तीही जंगलाबाहेर लावलेल्या बांबूपुरती. जंगलातल्या बांबूसाठी २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्क दिला, आणि तरीही गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायचा अधिकार २०११ मध्ये मिळाला, तोही केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा. "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणाऱ्या गावाला एवढं झगडावं लागलं.

टोपली विणणाऱ्याला प्रदर्शन नको, प्रशिक्षण नको. त्याला कोवळा, सरळ, लांब पेराचा बांबू वेळेवर हवा. जून, वाकडा बांबू पदरात पडला की त्याच्या कामट्या निघत नाहीत, तुटतात. मग प्लास्टिकचं टोपलं जिंकतं आणि तुम्ही लोक "कला लोप पावतेय" म्हणून लेख लिहिता.

खडूस_काका | ५ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

अवांतर असलं तरी सगळ्यात कामाचा प्रतिसाद हाच.

मेळघाटात धारणी तालुक्यात लवादा गावी संपूर्ण बांबू केंद्र आहे, सुनील आणि निरुपमा देशपांड्यांनी उभं केलेलं. सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले. मी बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे चार दिवस राहिलोय. कोरकू पोरं पोरी बांबूची घरं, खुर्च्या, राख्या सगळं करतात. मी राख्यांचं एक पाकीट घेतलं आणि सवयीने "दहावर एक फुकट?" विचारलं. समोरची मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असेल. म्हणाली, "काका, दहा भाऊ असल्यावर अकरावी कुणाला बांधणार?" गप पैसे दिले.

निर्विकार | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

बांबूबन यांचा मुद्दा पटला. तिथे अडथळा सरकारी आहे, बाजाराचा नाही. हटवायलाच हवा. चित्रांबाबत मत कायम.

पण प्रामाणिक शंका: पीएम विश्वकर्मा वगैरे योजना आहेत ना? मग सोसायटीने का डोकं लावायचं?

बांबूबन | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

त्यात १८ व्यवसाय आहेत. टोपल्या-चटया-झाडू करणारे येतात, अवजारांसाठी १५ हजार मिळतात, स्वस्त कर्ज मिळतं. चित्रकार त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी हस्तशिल्प आयुक्तालयाचं "पहचान" ओळखपत्र असतं, मेळ्यांत स्टॉल मिळायला त्याचा उपयोग होतो. सरकारी योजना वाईट नाही, पण योजना गिऱ्हाईक आणून देत नाही.

पूर्वा_पालघर | ५ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मी चित्रकार नाही, पण माझा नवरा चित्रकार आहे, आणि हिशोब मी ठेवते. त्यामुळे "मदत" कशी असते ते आतून सांगते. नावं घेणार नाही.

एका प्रदर्शनवाल्यांनी मुंबईत २८ चित्रं नेली. विक्रीतले ४० टक्के त्यांचे, हे आधी ठरलेलं, त्याबद्दल तक्रार नाही. उरलेले पैसे आले आठव्या महिन्यात, सहा फोन आणि दोन खेपांनंतर. न विकलेली नऊ चित्रं परत आली, त्यातल्या दोनांवर चहाचे डाग. एका हॉटेलवाल्याने जेवणाच्या हॉलची भिंत करून घेतली आणि पैशांऐवजी "तुमचं नाव होईल" म्हणाला. नाव कुठे, तर भिंतीवर नावच लिहू दिलं नाही, डिझाइन बिघडतं म्हणे.

उलट पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ आहेत. दरवर्षी दिवाळीला चाळीस शुभेच्छापत्रं घेतात. भाव करत नाहीत, जुलैतच अर्धे पैसे पाठवतात. जुलैत आमच्याकडे लावणी असते, हातात काहीच नसतं. ते पैसे खतात जातात आणि चित्रं आम्ही सप्टेंबरात काढतो. सात वर्षं झाली. कुठलाही पुरस्कार आमच्या घराच्या इतका उपयोगी पडलेला नाही.

शिवण_टिपण | ५ नोव्हेंबर, रात्री १०:३०

कूड सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, एकदाही बोलावलं नाही. सुचलंच नाही. काल वाचून राग आला होता, आज जरा कमी झालाय. मेमध्ये माझं आठवड्याचं उन्हाळी शिबिर असतं. पूर्वाताई, तुमच्याकडून कुणी येईल का? दिवसाचं मानधन तुम्हीच सांगा. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केला आहे.

वाघळे_इस्टेट | ५ नोव्हेंबर, रात्री १०:३३

या संकेतस्थळावर कुणीतरी "मला पटलं" असं लिहिलंय. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

रेषाकार | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

बाईंनी चौक काढायचा ही परंपरा, आणि जगभर नाव झालं ते जिव्या सोमा मशे यांचं, पुरुषाचं, यावर कुणी काहीच कसं बोललं नाही?

चिकूवाडी | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

बोलू की. जिव्यादादा आमच्या शेजारच्या कळंबीपाड्याचे. लहानपणी आई गेली, पोरगं बोलेनासं झालं, मातीत रेघा ओढून सांगायचं, असं इकडे सगळे सांगतात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाचे भास्कर कुलकर्णी इकडे आले. हेच कुलकर्णी आधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना कागद वाटायला गेले होते. इथेही त्यांनी गेरू आणि कागद बायकांपुढे ठेवला. बायका लाजल्या, आणि हा लग्नाच्या चौकाशिवाय उगाच काढत बसणारा गडी सापडला. १९७५ ला मुंबईत केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ ला पॅरिस, २०११ ला पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात गेले. शेवटपर्यंत पाड्यावरच राहिले.

आता भिंतीवरून कागदावर आलं म्हणून बाटलं म्हणायचं, की त्यामुळे दोन-तीन पिढ्यांना शेतीबरोबर दुसरं उत्पन्न मिळालं म्हणायचं? मी दुसऱ्या बाजूचा. पण कागद आणि पैसा आला तसे पुरुष पुढे आले हेही खरं. आजही बऱ्याच घरांत बाई भरते आणि सही बाप्याची असते.

कारवीचा_कूड | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:००

बरोबर आहे. आमच्यातच हा वाद आहे, शहरवाल्यांवर ढकलू शकत नाही.

आणखी एक. गिऱ्हाइकांना फक्त तारप्याचा नाच हवा असतो. माझा मावसभाऊ रेल्वे काढतो, मोबाइलचा टॉवर काढतो, रेशनची रांग काढतो. "हे नको, ट्रॅडिशनल काढा" असं ऐकून येतो. त्याच्या आजोबांनी जे समोर होतं तेच काढलं ना? आणि ज्याचं चित्र सगळ्यांना हवं त्या तारप्याची गंमत ऐका. तो बनतो वाळलेल्या लांब दुधीपासून, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा. बाजारात आखूड संकरित दुधी आली तशी लांब दुधी लावणारे कमी झाले. चित्रात तारपा भरपूर, परसात दुधी नाही. मी यंदा शाळेच्या कुंपणावर चार वेल लावलेत. दोन शेळीने खाल्ले.

कोल्हापुरी_ठसका | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ७:०५

आमच्या चपलेचं विसरलात व्हय? २०२५ च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा कंपनीच्या फॅशन शोत आमचीच चप्पल, जीआय असून नाव नाही. बोंबाबोंब झाल्यावर मान्य केलं त्यांनी. तेव्हा जे जे स्टेटस ठेवत होते त्यांच्या पायात काय होतं ते विचारू नका.

खडूस_काका | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ७:११

क्रॉक्स.

सुलभा_ठाणे | ९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. आज सभा झाली. मी हा धागा मोठ्या आवाजात वाचून दाखवला (सेक्रेटरींवरचा प्रतिसाद गाळून). ५० हजारांपर्यंत मंजूर झालंय. खजिनदारांना जीएसटीचं बिल हवंय आणि तीन कोटेशन हवीत. पाड्यावरून तीन कोटेशन कुठून आणू?

ॲड_मृदुला | ९ नोव्हेंबर, रात्री १०:१५

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. साधी पावती, बँकेत थेट रक्कम, आणि एका पानाचा करार पुरे: काम काय, किती, आगाऊ किती, उरलेले कधी, राहण्याजेवणाचं कोण बघणार, आणि चित्राचे हक्क कलाकाराकडे. शेवटचं वाक्य नक्की घाला, नाहीतर उद्या तुमचा बिल्डर ते चित्र माहितीपत्रकात छापेल.

सुलभा_ठाणे | २१ डिसेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतेय, कारण काम झालं. जवळजवळ.

चिकूवाडींनी सांगितलं तसं कापणी संपू दिली, मग लोकलने गेले. नवराबायको दोघं काढतात असं घर मिळालं. भाव २५० रुपये चौरस फूट, म्हणजे १९८ ला ४९,५००. रंग आणि जाण्यायेण्याचा खर्च सोसायटीचा. २० हजार आगाऊ दिले. सहा दिवस राहिले, आमच्याच घरी. जेवणाबद्दल मी उगाच टेन्शन घेतलं होतं. त्यांना आमची पोळी नको होती, भात हवा होता.

पहिल्या दिवशी गेरूच्या रंगाचा हात मारला आणि दोघं नुसती बसून राहिली. सेक्रेटरी दोनदा येऊन बघून गेले, "सुरू कधी करणार?" दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी बांबूची काडी घेतली, टोक दातांनी चावून चावून मऊ केलं आणि पेन्सिलची एकही रेघ न मारता जमिनीपासून एक झाड उभं केलं, सरळ छतापर्यंत. वहिनी दुसऱ्या टोकाला बसून माणसं भरत होत्या. त्यांची माणसं बोटाच्या पेराएवढी. नाचाचं वेटोळं काढताना मला म्हणाल्या, "तारप्याकडं पाठ करायची नाही कुणी." मी मोजलं, ६४ नाचणारे, एकाचीही पाठ नाही. त्यात एक काठीवाला एकटा बाजूला उभा आहे. तो आमचा वॉचमन. त्यानेच ओळखला, टोपीवरून.

अध्यक्षांनी "एका कोपऱ्यात गणपती?" विचारलं. दादा म्हणाले, "काढतो, पण मग तो नाचात येणार." अध्यक्षांनी माघार घेतली.

नावावरून मात्र वाजलं. करारात एकच नाव होतं, दादांचं. चूक माझीच, मी वहिनींना विचारलंच नव्हतं, मदतीला आल्यात असं धरून चालले. चिकूवाडींचा प्रतिसाद आठवला आणि खाली उजवीकडे दोघांची नावं लिहायला सांगितली. दादा लगेच हो म्हणाले. वहिनींनी मात्र स्वतःचं नाव लिहायला काडी हातात घेऊन बराच वेळ लावला. २२ फूट भिंत झरझर भरणारी बाई ती.

आता "जवळजवळ"चं कारण. पाचव्या दिवशी डाव्या कोपऱ्यात वरती रंग फुगला. आत पाइप गळतोय. वर्षभरात कुणाच्या लक्षात आलं नाही, पांढऱ्यावर पांढरं दिसत नव्हतं. दादांनी हात लावून बघितला आणि म्हणाले, इथे आत्ता काढलं तर पावसाळ्याआधी पडेल. चारेक फुटांचा तुकडा रिकामा ठेवून गेले. बिल्डरचा प्लंबर "उद्या येतो" म्हणून नऊ दिवस झाले. पैसे आम्ही पूर्ण दिलेत. खजिनदार म्हणत होते कोपऱ्याचे कापून ठेवा. कोपरा आपला ओला आहे, त्यांचा नाही, असं म्हटल्यावर गप्प बसले.

वाघळे_इस्टेट | २१ डिसेंबर, रात्री १०:३१

म्हणजे बिल्डरचं काम पहिल्यांदा कुणी नीट तपासलं असेल तर ते डहाणूच्या दादांनी.

निर्विकार | २१ डिसेंबर, रात्री ११:०५

फोटो टाका. आणि त्यांचा नंबर व्यनि करा. बहिणीच्या दवाखान्यात एक भिंत आहे. मत बदललेलं नाही, भिंत मोकळी आहे म्हणून विचारतोय.

शिवण_टिपण | २२ डिसेंबर, सकाळी ९:००

शिबिराचं ठरलं. पूर्वाताईंच्या जाऊबाई येणार आहेत. त्यांनी अट घातलीय, पहिला दिवस मुलांनी फक्त शेणाने सारवायचं. पालकांना कसं सांगू तेवढं सुचवा.

कारवीचा_कूड | २२ डिसेंबर, सकाळी ९:४०

पालकांनाही बोलवा, हात कमी पडतात.

सुलभाताई, ओल गेली की फोन करायला सांगितलंय त्यांनी मला. झोडणी आटपलीय, आता मोकळे आहेत. पण होळीच्या आत बघा. नंतर लग्नं सुरू झाली की वहिनी चौकांत अडकतील.